सर, आठ लाखात कोणती गाडी ते नंतर, आधी ती रोज किती चालणार ते बघू

पारोळ्याच्या एका सरांनी विचारलंय, थोडक्यात सांगतो. बजेट आठ लाख, सगळं धरून. घरात पाच माणसं, सर, मॅडम, दोन पोरं आणि सरांची आई, आईंचे गुडघे दुखतात. शाळा घरापासून ११ किलोमीटर, रोज जाणं-येणं. रविवारी शेतात चक्कर, म्हणून ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या तळाची जमिनीपासूनची उंची, जास्त पाहिजे म्हणतात, वर्षातून दोनदा पुणे, एकदा सप्तशृंगी गड. शालक म्हणतो तीन-चार वर्षं जुनी डिझेल एसयूव्ही घ्या, दणकट असते. शोरूमवाला म्हणतो नवीन सीएनजी घ्या. शाळेतले म्हणतात थांबा, इलेक्ट्रिकच घ्या. घेऊ काय?

सर, माझं जळगावला गॅरेज आहे, २६ वर्षं झाली. रोज कोणी ना कोणी येतो आणि विचारतो भाऊ कोणती गाडी घेऊ, आणि मी प्रत्येकाला उलटं विचारतो की महिन्याला किती किलोमीटर चालणार आणि एका वेळी किती चालणार. यातला दुसरा प्रश्न कोणी मनावर घेत नाही, आणि तुमचं सगळं उत्तर त्या दुसऱ्या प्रश्नातच आहे. तुमचे रोजचे २२, त्यात रविवार, बाजारहाट, लग्नकार्य धरलं तर महिन्याला ७०० किलोमीटरच्या आसपास. म्हणजे रनिंग कमी, आणि एका दमात ११ किलोमीटर, म्हणजे इंजिन नीट गरम होतं न होतं तोच गाडी बंद. हे लक्षात ठेवा.

आता शालकांचं डिझेल. १ एप्रिल २०२० पासून धुराच्या कडक नियमाच्या, म्हणजे बीएस सहा गाड्या आल्या, त्यातल्या डिझेलला सायलेन्सरच्या लाइनमध्ये एक फिल्टर असतो, डीपीएफ म्हणतात, तो धुरातली काजळी धरून ठेवतो. फिल्टर भरला की गाडी स्वतःच ती काजळी जाळते, पण त्यासाठी सायलेन्सरमध्ये सहाशे डिग्रीच्या आसपास उष्णता लागते, म्हणजे गाडी हायवेला पंधरा-वीस मिनिटं एका लयीत पळायला हवी. तुमची पळणारच नाही. जाळायला सुरुवात होईल आणि शाळेचं गेट येईल, चावी बंद. असं आठ-दहा वेळा झालं की फिल्टर चोक, डॅशबोर्डवर लाइट, गाडी पिकअप सोडते. त्यात आणखी एक, काजळी जाळायला गाडी जे जास्तीचं डिझेल टाकते ते अर्धवट राहिलं की पिस्टनच्या रिंगांवरून खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळतं, डिपस्टिक काढली तर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं दिसतं. लोक खूश होतात की ऑइल खात नाही, आणि आत बेअरिंग घासत असतात.

माझ्या साडूची गाडी अशीच होती. कंपनीचं नाव घेत नाही कारण दोष गाडीचा नव्हताच, गाडी चांगली होती, चुकीच्या माणसाकडे गेली होती. घर ते दुकान चार किलोमीटर. सव्वा वर्षात तीन वेळा लाइट आली, दोनदा मी लॅपटॉप लावून फिल्टरमधली काजळी जाळून दिली, साडूला म्हटलं आठवड्यातून एकदा धुळ्यापर्यंत नेऊन आणत जा, नाही नेली, तिसऱ्यांदा फिल्टरच बदलायची वेळ आली आणि तो खर्च लाखाच्या घरात. मला त्याचं फार वाईट वाटलं कारण घेताना मला विचारलं होतं आणि मी पाहुण्याला नाही कसं म्हणायचं म्हणून गप्प बसलो होतो. तेव्हापासून मी तोंडावर सांगतो, राग आला तरी चालेल.

डिझेल घ्यावं ते रावेर-सावद्याच्या केळीवाल्यांनी, आज इंदूर उद्या दिल्ली, महिन्याला दोन-तीन हजार किलोमीटर हायवेला. त्यांच्या गाडीचा तो फिल्टर सहसा चोक होतच नाही. आणि टॅक्सही बघा, आपल्या महाराष्ट्रात दहा लाखाच्या आतल्या पेट्रोल गाडीला रोड टॅक्स ११ टक्के आणि डिझेलला १३.

सीएनजीचं गणित सोपं आहे, कागदावर मांडू. हिशोबापुरतं पेट्रोल १०५ रुपये धरा आणि गाडी १७ चा ॲव्हरेज देते धरा, म्हणजे किलोमीटरला सहा रुपये अठरा पैसे. सीएनजी ९० रुपये किलो आणि ॲव्हरेज २५, म्हणजे तीन रुपये साठ पैसे. फरक अडीच रुपयांच्या थोडा वर. तुमच्या ७०० किलोमीटरला महिन्याला वाचले १८०० रुपये. सीएनजी गाडी पेट्रोलपेक्षा लाखभर महाग असते, ९५ हजार धरले तरी ते पैसे फिटायला ५३ महिने लागतात, साडेचार वर्षं झाली. आणि त्या साडेचार वर्षांत डिकीत सिलेंडर, आईंची बॅग पुण्याला कुठे ठेवणार, पंपावर रांग, तीन वर्षांनी सिलेंडरची टेस्टिंग. टाटाने दोन छोटे सिलेंडर खाली टाकून डिकी वाचवली आहे ते चांगलं केलं, पण पैशाचं गणित तेच राहतं. महिन्याला दोन हजार किलोमीटर असते तर दीड वर्षात पैसे वसूल झाले असते आणि मीच म्हटलं असतं डोळे मिटून घ्या. तुमच्यासाठी नाही.

इलेक्ट्रिक, खरं सांगायचं तर रोजच्या २२ किलोमीटरला एकदम जुळते, रात्री घरी लावली की झालं, जीएसटी पण पाचच टक्के. पण आठ लाखात जी येते ती छोट्या बॅटरीची, पुण्याला जाताना आई मागे बसलेल्या आणि तुम्ही चार्जर शोधताय असं होईल. घरात दुसरी गाडी असती तर हीच घ्या म्हटलं असतं. एकच गाडी असणार आहे तर आत्ता नको.

राहिलं पेट्रोल. साधं पेट्रोल, १.२ लिटर, मॅन्युअल. आता नवीन की जुनी.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात आली नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांचा जीएसटी १८ टक्के झाला, छोटी म्हणजे चार मीटरच्या आत आणि पेट्रोल १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत. आधी पेट्रोलला २८ अधिक १ सेस असा २९ टक्के होता. म्हणजे जी गाडी शोरूमला सात लाखाची होती ती सहा चाळीसच्या आसपास आली. नवीन स्वस्त झाली की जुनीही उतरायला पाहिजे की नाही, पण विकणारे अजून जुन्याच भावाची बिलं दाखवतात, साहेब मी आठ वीसला घेतली होती ऑन रोड. तुम्ही किती ला घेतली याच्याशी आम्हाला काय करायचंय, आज शोरूमला किती ला मिळते ते बघायचं. माझा स्वतःचा एक नियम आहे, तीन-चार वर्षं जुनी गाडी नवीनच्या आजच्या ऑन रोड भावाच्या दोन तृतीयांशपेक्षा जास्त सांगत असेल तर उठून यायचं आणि नवीनच घ्यायची. तुम्हाला तर पगाराची स्लिप आहे, नवीनला बँक आनंदाने कर्ज देते.

ऑन रोडचा हिशोब पण घरीच करून जा. समजा एक्स शोरूम साडेसहा लाख, त्यावर टॅक्स साधारण ७१-७२ हजार, विमा तीस-पस्तीस हजार, रजिस्ट्रेशन, नंबर प्लेट, फास्टॅग, झाली साडेसात ते सात साठ. यात शोरूमवाला हँडलिंग चार्ज, टेफ्लॉन कोटिंग, खालून पेंट असं काहीबाही घालतो, ते सगळं हात जोडून नाही म्हणा. विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नसते, बाहेरचं कोटेशन घेऊन गेलात की त्यांचाही आकडा खाली येतो. नवीन गाडीला थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीची पॉलिसी, तीन वर्षांची एकदमच घ्यावी लागते, २०१८ पासून तसा नियम आहे, तो भाग सगळीकडे सारखाच, घासाघीस होते ती बाकीच्या भागात. आणि आठ लाख आहेत म्हणून आठ लाखाची गाडी घेऊ नका, चाळीस-पन्नास हजार हातात राहू द्या.

कर्जाचं एवढंच सांगतो. समजा पूर्ण आठ लाख ९ टक्क्यांनी काढले, सात वर्षांचा हप्ता १२,८७० आणि पाच वर्षांचा १६,६००. माणूस कमी हप्ता बघून सात वर्षं करतो आणि व्याज जातं दोन लाख ८१ हजार, पाच वर्षांत जातं एक लाख ९६ हजार. पंच्याऐंशी हजारांचा फरक. जुन्या गाडीच्या फायनान्सला तर अजून सांभाळा, तिथे फ्लॅट रेट सांगतात, म्हणजे हप्ते फेडत गेलात तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण रकमेवर, आठ टक्के फ्लॅट ऐकायला स्वस्त वाटतो, पण पाच वर्षांच्या कर्जाला तो बँकेच्या भाषेत चौदाच्या वर जातो. विचारायचं, फ्लॅट की रिड्युसिंग, म्हणजे उरलेल्या रकमेवरच व्याज, आणि उत्तर कागदावर घ्यायचं.

आता समजा ओळखीत जुनी चांगली मिळाली, एखाद्या सरांची, फर्स्ट ओनर. तर बघायची कशी ते नीट सांगतो, कारण इथेच लोक फसतात.

सकाळी सातला जा. आदल्या दिवशी फोनवर सांगा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्या गेल्या बोनेटवर हात ठेवा, गरम लागला तर त्यांनी आधी चालू करून ठेवली आहे, का ठेवली ते विचारा. इंजिनचे सगळे दुखणे थंड स्टार्टला कळतात, पहिल्या दहा सेकंदांत. सायलेन्सरमागे पोराला उभं करा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरी वाफ थंडीत थोडी येते ती जाते, पण गाडी गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर कूलंट आत जातंय, हेड गॅस्केट बघावं लागेल. ऑइलचं झाकण उघडा, आत कॉफीवरच्या फेसासारखं काही दिसलं तर गाडी सोडा. इंजिन चालू ठेवून झाकण काढलं आणि भकाभका हवा मारतंय तर कंप्रेशन गेलंय.

मग बॉडी. रंग कितीही चकचकीत असू दे, तुम्ही काचा बघा. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात कंपनीचा शिक्का आणि सालाचा अंक असतो, सगळ्या काचा एकाच सालाच्या पाहिजेत. एक दरवाजाची काच वेगळ्या सालाची निघाली तर त्या बाजूला काहीतरी झालंय. समोरची काच दगड लागून बदलते, ते आपल्या हायवेला चालतं. बोनेट उघडून आत दोन्ही बाजूंचे एप्रन, म्हणजे पुढच्या चाकांवरचे आतले पत्रे बघा, कंपनीच्या वेल्डिंगचे गोल ठिपके एका अंतराने एका रांगेत असतात, हाताने केलेलं वेल्डिंग ओबडधोबड आणि वर जाड रंग. बंपर, फेंडर बदललेलं मी मनावर घेत नाही, सगळ्यांचं लागतं. एप्रन आणि पिलरला, म्हणजे छत धरणाऱ्या खांबांना, हात लागलेला असेल तर फुकट दिली तरी नको, कारण पुन्हा ठोकली तर ती तुमच्या पोरांना वाचवणार नाही. दरवाज्याचे रबर ओढून आतला पिलर बघायला लाजू नका, पैसे तुमचे आहेत.

मीटर. मीटर मागे करणं पाच मिनिटांचं काम आहे, हे मान्य करूनच बघायला जायचं. ३२ हजार दाखवतंय आणि ब्रेक-क्लचचे पेडल रबर गुळगुळीत, स्टेअरिंगचा वरचा भाग चकाकतोय, ड्रायव्हर सीटची बाहेरची कड बसलेली, तर ते ३२ नाही. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. २०२१ ची गाडी ३२ हजार चाललेली आणि चारही टायर २०२४ चे, मग पहिले टायर गेले कुठे? टायर सहज चाळीस हजार चालतात. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला चेसिस नंबरवरून हिस्ट्री निघते, मालकाला सोबत घेऊन जा आणि काढा. न्यायला नाही म्हणाला तर तेच उत्तर समजा.

गुजरात पासिंगचं वेगळं सांगतो कारण नवापूर-नंदुरबारकडून आपल्याकडे सुरतच्या गाड्या भरपूर येतात. स्वस्त असतात कारण तिथे टॅक्सच सहा टक्के, आणि इथे आणून नावावर केली की महाराष्ट्राचा टॅक्स परत भरावा लागतो, तो भाव ठरवताना कोणी सांगत नाही. दिल्ली पासिंगचं पण तेच, तिकडे दहा वर्षांच्या डिझेलवर बंदीचे आदेश झाले तशा तिकडच्या जुन्या डिझेल बाहेर विकायला निघाल्या. आणि सुरत-मुंबईच्या गाडीत पाणी गेलेलं असू शकतं. एका गिऱ्हाईकाने अशीच एक आणली, डीलरकडून, एसी कडक, सीट कव्हर नवे, माझ्याकडे दाखवायला आणली ती पैसे देऊन झाल्यावर. मी ड्रायव्हर सीटखाली हात घातला तर सीटच्या पट्टीवर गंज, कार्पेट उचललं तर खाली बारीक गाळ वाळलेला. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढला तर शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातीची रेष. चार महिन्यांत वायरिंगचे प्रॉब्लेम सुरू झाले, कधी पॉवर विंडो, कधी सेंट्रल लॉक, शेवटी ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटरच. बिचाऱ्याने एका हंगामाच्या कापसाचे पैसे घातले होते त्यात. पैसे द्यायच्या आधी आणली असती तर दहा मिनिटांचं काम होतं, आणि मी या तपासणीचे कधी पैसे घेत नाही.

आपल्या भागाची गाडी आपल्याला बरी, असं माझं मत आहे. आपली हवा कोरडी, पत्रा गंजत नाही, पंधरा वर्षं जुन्या गाडीचा पण तळ ठणठणीत असतो. आपल्याकडे जातं ते रबर. ४४-४५ डिग्रीला रेडिएटरचे होज, बुश, वायपर, दरवाज्याच्या पट्ट्या, सगळं शिजतं. म्हणून आपल्याकडची गाडी घेताना होज दाबून बघा, कडक आणि चिरा पडलेले असतील तर दोन-तीन हजारांचं काम आहे, भावातून कमी करा. रेडिएटरची बाटली उघडून बघा, आत रंगीत कूलंट पाहिजे. गढूळ पाणी असेल तर मालकाने बोअरचं पाणी टाकलंय, आपलं बोअरचं पाणी क्षाराचं, रेडिएटर आतून भांड्यासारखा पांढरा होतो आणि मे महिन्यात घाटात काटा वर जातो.

टेस्ट ड्राइव्ह गल्लीत नको, पारोळ्याहून एरंडोलपर्यंत हायवेला घ्या आणि एखाद्या गावच्या खडबडीत रस्त्यावर पण घ्या, रेडिओ बंद, काचा खाली. खडखड आली तर लिंक रॉड-बुश, ते स्वस्त. स्टेअरिंग वळवताना कटकट आली तर ॲक्सल, ते जरा महाग. चौथ्या गिअरमध्ये सावकाश चालवत असताना एकदम एक्सलेटर दाबा, इंजिनचा आवाज चढला आणि गाडी मागे राहिली तर क्लच प्लेट संपली.

आता कागद. आरसीवर कर्जाचा बोजा आहे का बघा, असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आधी, पैसे नंतर. गाडी नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३०, त्यांवर सह्या घेऊन ते घरात ठेवून देऊ नका, नावावर करायला तुम्हाला ३० दिवस असतात. विमा पण नावावर करून घ्या, आणि मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची विम्यातली सूट, तुम्हाला मिळत नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नाही, म्हणून पुढच्या वर्षी हप्ता वाढला तर घाबरू नका.

शेताचं एक राहिलं. तुम्ही लिहिलंय ग्राउंड क्लिअरन्स जास्त पाहिजे शेतामुळे. सर, आपली काळी माती पावसाळ्यात टायरला अशी लिंपते की चाकाची कमानच भरून जाते, तिथे १६५ मिलिमीटर काय आणि २०० काय, गाडी जागेवरच. मी बोलेरो पण ट्रॅक्टरने ओढून काढल्या आहेत. चार महिने गाडी डांबरीलाच लावायची आणि बांधावरून पायी जायचं, बाकीचे आठ महिने कोणतीही गाडी जाते. वर्षातल्या त्या सोळा रविवारांसाठी दोन लाख जास्त देऊ नका. गोठ्याजवळ किंवा कापूस साठवलेल्या खोलीशेजारी गाडी लावत असाल तर मात्र उंदरांची काळजी करा, माझ्याकडे हिवाळ्यात दर आठवड्याला एक वायर कुरतडलेली गाडी येते, रात्री बोनेट थोडं उघडं ठेवलं की उंदराला ती जागा उबदार आणि अंधारी वाटत नाही, एवढ्याने पण बराच फरक पडतो.

शेवटी मॉडेल. मला विचाराल तर नवीन वॅगन आर १.२ पेट्रोल, मधलं व्हेरियंट. १.० घेऊ नका, पाच माणसं आणि एसी लावून सप्तशृंगी गडाला नांदुरीचा घाट चढायचाय. जास्त मजबूत बॉडी पाहिजे असेल तर टाटा पंच बघा, तिला ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत मोठ्यांच्या सुरक्षेसाठी २०२१ मध्ये पाच स्टार मिळालेत आणि हे मी हलक्यात घेत नाही, फक्त तुमच्या बजेटमध्ये खालचं व्हेरियंट येईल आणि मागे तिघं जरा चेपून बसतील. वॅगन आर मी म्हणतोय ती आईंसाठी. सेडान खाली असते, गुडघे वाकवून आत बसावं लागतं आणि उतरताना कोणीतरी हात द्यावा लागतो. एसयूव्हीला पाय वर उचलून चढावं लागतं. वॅगन आरची सीट खुर्चीच्या उंचीला येते, माणूस नुसता मागे सरकून बसतो. पण माझं ऐकून ठरवू नका, शोरूमला जाताना आईंना घेऊन जा, मागच्या सीटवर बसवा आणि तीन वेळा उतरायला-चढायला सांगा. तिसऱ्या वेळेला त्यांनी दरवाजा धरून दम घेतला तर ती गाडी नको, सेल्समन काहीही सांगू दे.